सकाळी वादळ येऊन गेलं, आता ऊन पडलंय… संध्याकाळी परत येईल का? हे ओळखतात कसं?

फोनवरच्या वेदर अ‍ॅपमध्ये ढगाचं चिन्ह आणि शेजारी 30 टक्के असं दिसलं की आपण काय करतो? 'तीसच तर आहे' म्हणतो आणि निघतो. मीही तेच केलं होतं. त्या संध्याकाळी गाडीची पुढची काच फुटली, आणि गाडीत मागच्या सीटवर माझ्या रूममेटचे आई-बाबा बसले होते. म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हवामानशास्त्रज्ञ नाही. नोकरीनिमित्त टेक्सासमध्ये डॅलसच्या जवळ राहतो. अमेरिकेच्या मधल्या मैदानी भागात आणि दक्षिणेत एप्रिल-मे म्हणजे मोठ्या वादळांचा सीझन. शिकायला किंवा नोकरीला इकडे येणाऱ्या मराठी मुलांची संख्या मोठी आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांना या वादळांची सवय नसते. त्यातही एक प्रकार हमखास फसवतो: सकाळी जोराचं वादळ होतं, मग स्वच्छ ऊन पडतं आणि आपण समजतो की आजचा कोटा संपला.

नेमकं काय झालं होतं?

मे महिन्यातला शनिवार होता. पहाटे पाचच्या सुमाराला विजांच्या आवाजाने जाग आली. तासभर धो धो पाऊस आणि वारा. आठपर्यंत सगळं शांत. दहाला लख्ख ऊन. रूममेटचे आई-बाबा त्या दिवशी पहिल्यांदाच अमेरिकेत येणार होते आणि दुपारी विमानतळावर त्यांना आणायला जायचं होतं. अ‍ॅपमध्ये संध्याकाळसाठी 30 टक्के दिसत होतं. आम्ही म्हटलं, बरं झालं, सकाळीच पडून गेला.

विमानतळाबाहेर आलो तेव्हा साडेपाच वाजले होते. बाहेर येताच काकू म्हणाल्या, "अरे, इथे तर आपल्यासारखाच उकाडा आहे की!" ते वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पाऊण तासाने आम्ही हायवेवर होतो, पश्चिमेकडून आकाश काळंनिळं झालं आणि पाच मिनिटांत गारा सुरू झाल्या. आधी बोरासारख्या, मग गोल्फच्या चेंडूएवढ्या. काच आधी तडकली, मग आत दबली. पुढचं काही दिसेना. कसंबसं एक्झिट घेऊन पेट्रोल पंपाच्या छपराखाली गाडी घातली. कोणाला लागलं नाही, पण काकूंचे हात कितीतरी वेळ थरथरत होते. तेव्हाही अ‍ॅपमध्ये 'हलका पाऊस' असंच चिन्ह होतं.

सोमवारी ऑफिसात हे सांगितलं तेव्हा ओक्लाहोमात वाढलेला आमचा एक सिनियर म्हणाला, "सकाळी पाऊस पडला का, हा प्रश्नच चुकीचा आहे. तो पडून गेल्यावर हवा पुन्हा चार्ज होतेय का, ते बघायचं." त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. जे समजलं ते सोप्या भाषेत सांगतो.

वादळाला लागतात चार गोष्टी

पहिली, बाष्प. अमेरिकेच्या या भागात ते येतं दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या आखातावरून.

दुसरी, अस्थिरता. म्हणजे खाली गरम-दमट हवा आणि वर थंड हवा. अशा वेळी खालची हवा एकदा वर निघाली की आपोआप चढतच जाते. हवेत अशी किती ऊर्जा साठली आहे ते मोजायला 'केप' नावाचा आकडा वापरतात. तो दर किलोमागे ज्यूलमध्ये असतो. ढोबळमानाने 1000 च्या खाली असला तर कमी, 2500 च्या वर गेला तर भरपूर.

तिसरी, उचल. गरम हवा वर ढकलायला काहीतरी लागतं. दोन वेगळ्या हवांची सीमा, डोंगर, किंवा वरून सरकत येणारा कमी दाबाचा पट्टा.

चौथी, विंड शिअर. म्हणजे जमिनीपासून वर जाताना वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत जाणं. ही असली की वादळ वीस-तीस मिनिटांत विझत नाही. पाऊस एका बाजूला पडतो, वर चढणारी हवा दुसऱ्या बाजूला राहते आणि वादळ तासन् तास जगतं. तेच पुढे गोल फिरायला लागलं की त्याला सुपरसेल म्हणतात. मोठ्या गारा आणि मोठे टोर्नेडो बहुतेक वेळा यातूनच येतात.

आता मुख्य मुद्दा. सकाळचं वादळ यातल्या दुसऱ्या गोष्टीवर घाव घालतं, म्हणजे अस्थिरतेवर. पाऊस पडतो, खालची हवा गार होते, साठलेली ऊर्जा खर्च होते. पण वरचे वारे? ते तसेच राहतात. दक्षिणेकडचं बाष्प? तेही तिथेच असतं. म्हणजे चारपैकी एकच गोष्ट तात्पुरती कमी झालेली असते. फोनची बॅटरी 5 टक्क्यांवर आली म्हणून फोन बिघडला असं होत नाही. चार्जर लावला आणि वेळ मिळाला की तो पुन्हा चालू. इथे चार्जर म्हणजे ऊन आणि दक्षिणेचा दमट वारा. प्रश्न फक्त इतकाच, की पुढची उचल येण्याआधी पुरेसं चार्जिंग होईल का?

मग ही वादळं सकाळीच का येतात?

मलाही हा प्रश्न पडला होता, कारण आपल्याकडे वळीव येतो तो दुपारनंतर. अमेरिकेच्या मैदानी भागात रात्री जमिनीपासून काहीशे मीटरवर दक्षिणेचा जोरदार वारा सुटतो. तो रात्रभर बाष्प वाहून आणतो आणि त्यावर रात्रीची वादळं पोसली जातात. सूर्य वर आला की हा वारा मंदावतो आणि वादळंही दम तोडतात. म्हणून सकाळी आठ-नऊला वादळ विरलं, यात 'धोका टळला' असं काही नसतं. त्याचा रात्रीचा खुराक बंद झाला, एवढंच.

वादळ जाताना मागे काय सोडून जातं?

तीन गोष्टी. आणि दुपारचा सगळा अंदाज या तीन गोष्टींवर असतो.

एक, ढगांचं आवरण. वादळ गेलं तरी त्याच्या वरचे पसरट ढग कितीतरी तास रेंगाळतात. ते अकरापर्यंत फाटले तर मे महिन्यातलं ऊन तीन-चार तासांत जमीन तापवून टाकतं. दोन वाजेपर्यंत टिकले तर तापमान विशीतच अडकतं आणि चार्जिंग अर्धवट राहतं.

दोन, गार हवेचा थर. पावसाचे थेंब खाली येताना त्यांची वाफ होते, त्यामुळे हवा गार आणि जड होते आणि जमिनीवर पसरते. वादळ येण्याआधी जो गार वारा अंगावर येतो ना, तो हाच. हा थर पातळ असेल तर ऊन त्याला दुपारपर्यंत मोडून काढतं. जाड असेल तर तो हलत नाही. अशा वेळी नवीन वादळं झालीच, तर ती या थराच्या वर होतात. ती गारा टाकू शकतात, पण त्यांच्यापासून टोर्नेडो होण्याची शक्यता बरीच कमी असते.

तीन, या गार हवेची कड. हिला आउटफ्लो बाउंड्री म्हणतात. सकाळचं वादळ विरून जातं, पण ही कड कुठेतरी थबकून राहते. तिच्या एका बाजूला गार हवा, दुसऱ्या बाजूला तापलेली दमट हवा. दुपारी नवीन वादळ नेमकं या कडेवर जन्मू शकतं, कारण तिथे उचल मिळते. शिवाय या कडेजवळ खालचे वारे वळलेले असतात, त्यामुळे वादळाला फिरायला मदत होते. म्हणजे सकाळच्या वादळाने दुपारच्या वादळासाठी जागा आखून ठेवलेली असते!

यात अजून एक खेळाडू आहे, झाकण. जमिनीपासून एक-दोन किलोमीटरवर कधी कधी गरम हवेचा थर असतो. खालची हवा त्याला धडकते आणि वर जाऊ शकत नाही. कुकरसारखं समजा. झाकण फारच घट्ट असलं तर शिट्टी होतच नाही, दिवस कोरडा जातो. पण झाकण दुपारभर टिकलं आणि संध्याकाळी एकदम उघडलं, तर आत साठलेली सगळी ऊर्जा एकाच वेळी बाहेर पडते.

27 एप्रिल 2011: सकाळची वादळं ही नुसती सुरुवात होती

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला हा दिवस या विषयाचं सगळ्यात कठोर उदाहरण आहे. पहाटे आणि सकाळी तिथून वादळांची एक लांब रांग गेली. तिनेच मोठं नुकसान केलं. लाखो लोकांची वीज गेली, आणि हवामानाचे इशारे देणाऱ्या रेडिओचे काही ट्रान्समीटरही बंद पडले. मग वादळ सरकलं, अनेक ठिकाणी ऊन पडलं.

पण त्या दिवशी वरचे वारे प्रचंड होते, बाष्प आखातावरून सतत येत होतं आणि सकाळच्या वादळांनी सोडलेली कड उत्तर अलाबामात पसरलेली होती. दुपारी सुपरसेलची मालिका सुरू झाली. संध्याकाळी पाचनंतर टस्कालूसा शहरातून एक टोर्नेडो गेला. तो बर्मिंगहॅमकडे सरकत सुमारे 130 किलोमीटर चालला आणि त्याने 64 जीव घेतले. हॅकलबर्ग आणि फिल कॅम्पबेल या गावांवरून गेलेला दुसरा टोर्नेडो तर सगळ्यात वरच्या, ईएफ-5 श्रेणीचा होता. एकट्या अलाबामात त्या दिवशी 62 टोर्नेडो नोंदले गेले. शेजारची राज्यं धरून एका दिवसात 300 हून जास्त माणसं गेली.

लक्षात घ्या, अंदाज चुकलेला नव्हता. ओक्लाहोमातल्या नॉर्मन शहरात असलेल्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरने त्या दिवशी सर्वांत वरच्या पातळीचा इशारा दिलेला होता. अडचण दुसरीच होती. सकाळच्या वादळाने ज्या घरांची वीज आणि संपर्क तोडला, त्यांच्यापर्यंत दुपारचा इशारा पोहोचवणं अवघड झालं. म्हणून सकाळचं वादळ गेल्या गेल्या पहिलं काम कोणतं, तर फोन आणि पॉवर बँक चार्ज करून ठेवणं.

20 मे 2019: सगळे तयार होते, आणि…

आता याच्या उलट उदाहरण. या दिवशी ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या काही भागांसाठी पुन्हा सर्वांत वरचा इशारा होता. ओक्लाहोमा सिटीच्या आसपासच्या अनेक शाळा आदल्या दिवशीच बंद जाहीर झाल्या. पण वादळं सकाळपासूनच सुरू झाली, आकाश ढगाळ राहिलं आणि मध्य ओक्लाहोमात भीती होती तसा मोठा उत्पात झाला नाही. काही टोर्नेडो झाले, पाऊसही खूप झाला, पण ज्या दिवसाची धास्ती होती तो दिवस आला नाही.

दोन्ही दिवशी सर्वांत वरचा इशारा, दोन्ही दिवशी सकाळी वादळं. निकाल मात्र दोन टोकांचे. म्हणूनच हवामानतज्ज्ञ सकाळी एकदा अंदाज देऊन मोकळे होत नाहीत. ते दिवसभर तो बदलत राहतात.

तज्ज्ञ दिवसभर काय बघतात?

स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर त्याच दिवसाचा अंदाज पाच वेळा काढतं. डॅलसच्या उन्हाळी घड्याळाप्रमाणे रात्री 1, सकाळी 8, साडेअकरा, दुपारी 3 आणि रात्री 8. यातला साडेअकराचा अंदाज आपल्या प्रश्नासाठी सोन्यासारखा, कारण तोवर सकाळच्या वादळाचं काय झालं ते दिसलेलं असतं.

हवेचा उभा नकाशा मिळतो तो फुग्यांमधून. जगभर दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी यंत्र बांधलेले फुगे सोडतात. ते वर जाताना तापमान, ओलावा आणि वाऱ्याची माहिती पाठवतात. डॅलसच्या हिशेबात या वेळा म्हणजे सकाळी 7 आणि संध्याकाळी 7. पण सकाळी 7 चा फुगा नेमका वादळात किंवा वादळाच्या मागे गेला, तर त्याची माहिती दुपारसाठी कामाची राहत नाही. म्हणून धोक्याच्या दिवशी दुपारी 1 च्या सुमाराला जादाचा फुगा सोडतात. असा जादाचा फुगा सोडलाय असं कळलं, तर समजायचं की तज्ज्ञ आजचा दिवस गांभीर्याने घेतायत.

बाकी वेळ उपग्रह आणि जमिनीवरची केंद्रं. उपग्रह दर पाच मिनिटांनी अख्ख्या अमेरिकेचं चित्र देतो, गरज पडली तर ठराविक भागाचं दर मिनिटाला. ओक्लाहोमात तर शंभराहून जास्त स्वयंचलित केंद्रांचं जाळं आहे, तेही दर पाच मिनिटांनी आकडे देतं.

मॉडेल असताना एवढी कटकट कशाला?

इंजिनिअर म्हणून मला हाच भाग सगळ्यात आवडला. अमेरिकेत एचआरआरआर नावाचं मॉडेल आहे. ते 3 किलोमीटरच्या चौकोनांवर दर तासाला नव्याने चालतं आणि पुढच्या काही तासांचं रडारसारखं चित्र काढून देतं. दिसायला इतकं खरं दिसतं की आपण विश्वास ठेवून मोकळे होतो.

पण विचार करा. मॉडेलने सकाळचं वादळ जिथे दाखवलं तिथे ते नव्हतंच, किंवा दोन तास आधीच विरलं, तर? मग ढग कुठे राहतील, गार हवा कुठे पसरेल, कड कुठे थांबेल, सगळंच चुकणार. दुपारचा अंदाज सकाळच्या वादळावर उभा असतो. कोडमध्ये पहिल्याच फंक्शनला चुकीचं इनपुट गेलं तर शेवटचं आउटपुट कितीही सुंदर छापलं तरी चूकच.

म्हणून माझी पद्धत सोपी आहे. सकाळी 9 ला मॉडेलने 9 वाजता काय दाखवलं होतं ते बघायचं आणि शेजारी खरं रडार उघडायचं. दोन्ही जुळत असतील तर दुपारचं चित्र बघण्यात अर्थ आहे. जुळत नसतील तर ते रन सोडून द्यायचं आणि पुढच्या रनची वाट बघायची.

तुमच्या फोनवर पाच मिनिटांत करायची तपासणी

1. सॅटेलाइट बघा, अकरा ते एकच्या दरम्यान. ढग फाटतायत का? वेडेवाकडे छोटे पांढरे कापसाचे ठिपके उगवतायत का? ठिपके दिसले म्हणजे जमीन तापतेय. गुळगुळीत पांढरी चादर असेल तर चार्जिंग अडलंय.

2. दवबिंदू बघा, आर्द्रतेची टक्केवारी नको. आर्द्रतेची टक्केवारी तापमानाबरोबर खाली-वर होते, त्यामुळे फसवते. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे थेंब व्हायला लागतील तो आकडा. तो 18 अंश सेल्सियसच्या वर असेल तर वादळाला बाष्प पुरेसं आहे. 21 च्या वर असेल तर अंगाला चिकचिक जाणवतेच. काकूंनी विमानतळाबाहेर ओळखलं होतं ते हेच.

3. वाऱ्याची दिशा बघा. सकाळच्या वादळानंतर वारा उत्तरेचा आणि गार असतो. तो दुपारपर्यंत वळून दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा झाला तर बाष्प परत येतंय. उत्तरेचाच राहिला आणि दवबिंदूही उतरत गेला, तर तुमच्या भागातला धोका बहुतेक दक्षिणेला सरकलाय.

4. रडारवर बारीक रेघ शोधा. पाऊस नसताना एक फिकट, बारीक, सरकणारी रेघ दिसली तर ती बहुधा गार हवेची कड असते. तिथे जमा झालेले किडे आणि धूळ रडारला दिसतात! ती रेघ तुमच्या जवळ थांबली असेल तर दुपारी लक्ष जास्त ठेवायचं.

5. साडेअकराचा अधिकृत अंदाज वाचा. सकाळी 8 च्या तुलनेत रंग वाढला की कमी झाला? आकड्यापेक्षा हा बदल जास्त सांगून जातो.

पाचपैकी पहिल्या तीन गोष्टी 'हो' म्हणत असतील, तर संध्याकाळचा प्रवास मी पुढे ढकलतो किंवा लवकर उरकतो. ढगांची चादर, उतरता दवबिंदू आणि उत्तरेचा वारा असं तिन्ही दिसलं तर निवांत असतो, पण फोन जवळ ठेवतो.

मग त्या 30 टक्क्यांचं काय?

अमेरिकेतल्या अंदाजात पावसाची टक्केवारी म्हणजे त्या वेळात तुमच्या ठिकाणी किमान पाव मिलिमीटर पाऊस पडण्याची शक्यता. बस, इतकंच. तो पाऊस भुरभुर असेल की गोल्फच्या चेंडूएवढ्या गारा, याबद्दल हा आकडा एक शब्दही बोलत नाही. दुपारची सुपरसेल वादळं विखुरलेली असतात, त्यामुळे कोणत्याही एका ठिकाणी ती येण्याची शक्यता कमीच दिसते. पण जिथे येतात तिथे धुवून काढतात. आमच्या अ‍ॅपचा 30 टक्के खोटा नव्हता. आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचे आकडे वेगळे असतात. गारांची 15 टक्के शक्यता म्हणजे तुमच्यापासून 40 किलोमीटरच्या आत अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गारा पडण्याची शक्यता. इथे 15 हा आकडा लहान नाही.

आणि फोन वाजलाच नाही, त्याचं काय?

हेही मला नंतर कळलं. अमेरिकेत धोक्याच्या वेळी फोन कर्कश आवाजात वाजतो, ती सोय 2012 मध्ये सुरू झाली. म्हणजे अलाबामाच्या त्या दिवशी ती नव्हतीच. टोर्नेडोची वॉर्निंग आली की फोन वाजतो. पण साध्या वादळाच्या वॉर्निंगला वाजत नाही. 2021 पासून नियम असा आहे की गारा बेसबॉलएवढ्या, म्हणजे साधारण 7 सेंटिमीटरच्या, किंवा वारा ताशी 130 किलोमीटरच्या आसपास असेल तरच वादळाच्या वॉर्निंगला फोन वाजतो. आमच्या गारा साडेचार सेंटिमीटरच्या असतील. काच फोडायला पुरेशा, फोन वाजवायला नाही! म्हणून वॉर्निंगचं नोटिफिकेशन देणारं एखादं अ‍ॅप वेगळं चालू ठेवा आणि त्याला लोकेशनची परवानगी द्या.

दोन शब्दांतला फरकही लक्षात ठेवा. 'वॉच' म्हणजे वादळाला अनुकूल परिस्थिती आहे, तयार राहा. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ आलंय, आत्ता आडोसा घ्या. आणि हायवेवर सापडलात तर पुलाखाली गाडी थांबवू नका. तिथे वारा अडत नाही, उलट जोर धरतो, आणि मागून येणाऱ्या गाड्यांचा रस्ता अडतो. एक्झिट घेऊन पक्क्या इमारतीकडे जा.

पुढच्या वर्षी काय झालं?

पुढच्या मे महिन्यात पुन्हा तसाच शनिवार आला. सकाळी वादळ, अकराला ऊन, दवबिंदू 20, वारा दक्षिणेचा. आम्हा सहा जणांचं संध्याकाळी शहराबाहेर जेवायला जायचं ठरलं होतं. मी रद्द करायला लावलं. आणि त्या संध्याकाळी… काहीच झालं नाही. झाकण उघडलंच नाही. आकाश निरभ्र, छान वारा. सगळ्यांनी मला रात्रभर पिडलं.

पण मला त्याचं वाईट वाटत नाही. चार गोष्टींपैकी तीन जमल्या, चौथी जमली नाही. उलटं झालं असतं तर जेवणाचा बेत महागात पडला असता. तज्ज्ञांनाही या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. ते शक्यता सांगतात, आणि त्या शक्यतेवर काय पणाला लावायचं हे आपण ठरवायचं असतं. जेवण पुढच्या शनिवारी होतं.

आपल्याकडे याचा काही उपयोग?

महाराष्ट्रात टोर्नेडो क्वचितच होतात आणि विंड शिअरची गणितंही वेगळी आहेत, त्यामुळे वरचे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसामागे तेच ऊन, तेच बाष्प, तीच उचल असते. मी बाबांना फोनवर हे सगळं मोठ्या उत्साहाने समजावत होतो. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे दुपारी उकडायला लागलं की वळीव येणार, आणि दिवसभर आभाळ राहिलं की नाही येणार. हे तर आम्ही शेतात जन्मभर बघतोय." मी काय बोलणार!

फरक एवढाच, की आता त्या अनुभवाच्या जोडीला फोन आहे. भारतीय हवामान विभाग पुढच्या तीन तासांचे अंदाज आणि रंगांचे इशारे देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप तुमच्या आसपास वीज कुठे पडतेय ते दाखवतं. शेतात, मैदानात किंवा ट्रेकवर जाणाऱ्यांनी ते फोनमध्ये ठेवावंच. आणि सकाळी एकदा गडगडून गेलं असेल, तर दुपारी एकदा आकाशाकडे आणि एकदा फोनकडे बघूनच निघा.

ओळखीतलं कोणी यंदा टेक्सास, ओक्लाहोमा किंवा अलाबामाकडे शिकायला जात असेल, तर बॅगा भरायच्या गडबडीत त्याला एवढं नक्की सांगा: सकाळचं वादळ गेलं की आधी फोन चार्ज कर, मग वारा कुठून येतोय ते बघ.